सर दोराबजी टाटा : एका कुटुंबाच्या दुःखातून उभे राहिलेले रुग्णालय

यवतमाळ जिल्ह्यातील लोहाऱ्यासारख्या गावांतील कर्करुग्णांच्या कुटुंबियांनाही परळच्या टाटा रुग्णालयाचे नाव परिचित आहे. त्यामागे एका कुटुंबाचेच दुःख आहे. उद्योगपती सर दोराबजी टाटा (१८५९-१९३२) ह्यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पैशाला तोटा नव्हता, परंतु त्या काळी ह्या दुखण्यावर इलाजच नव्हता. दांपत्याला अपत्य नव्हते. दोराबजींनी शोक घरात कोंडून ठेवला नाही. १९३२ साली त्यांनी पत्नीच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निधी स्थापिला आणि आपली संपत्ती, पत्नीच्या अलंकारांसह, लोककल्याणासाठी न्यासाला दिली. त्याच वर्षी जर्मनीत त्यांचे निधन झाले. ह्याच न्यासाने बांधलेले रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले.