स्ट्रॉबेरी हिलचे धनी : होरेस वॉलपोल

२५ एप्रिल १८४२ रोजी लंडनजवळच्या ट्विकनहॅम या थेम्सकाठच्या लहानशा गावी एक लिलाव सुरू झाला आणि तो तब्बल चोवीस दिवस चालला. चित्रे, चिनी मातीची भांडी, जुनी चिलखते, नाणी, रंगीत काचा आणि हजारो ग्रंथ यांची मांडणी त्यात झाली होती. हे सारे ज्यांनी आयुष्यभर वेचून जमविले होते, ते होरेस वॉलपोल पंचेचाळीस वर्षांपूर्वीच निवर्तले होते. लिलाव पुकारणाऱ्याला त्या वस्तूंचे मोल ठाऊक होते. त्या एकत्र असण्याचे मोल मात्र कोणत्याही बोलीत मावणारे नव्हते.

होरेस वॉलपोल यांचा जन्म २४ सप्टेंबर १७१७ रोजी लंडन येथे झाला. ब्रिटनचे पहिले पंतप्रधान म्हणून ओळखले जाणारे सर रॉबर्ट वॉलपोल यांचे ते धाकटे चिरंजीव. ईटन येथील शाळेत आणि नंतर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १७३९ मध्ये कवी टॉमस ग्रे या शाळासोबत्याबरोबर ते फ्रान्स-इटलीच्या प्रवासास निघाले. वाटेत दोघांत वितुष्ट आले, परंतु १७४५ मध्ये समेट होऊन तो स्नेह पुढे अखेरपर्यंत टिकला. १७४१ पासून १७६८ पर्यंत वॉलपोल पार्लमेंटचे सभासद होते. मात्र राजकारणात त्यांचे मन कधी रमले नाही. वडिलांच्या कृपेने मिळालेल्या सरकारी पदांमुळे विनासायास उत्पन्न येत असे. त्या निश्चिंतीचा त्यांनी जो उपयोग केला, त्यामुळेच त्यांचे नाव उरले.

१७४७ मध्ये त्यांनी ट्विकनहॅम येथील एक साधेसे घर भाड्याने घेतले आणि दोन वर्षांनी ते विकतही घेतले. जुन्या दस्तऐवजांत त्या जागेचे नाव स्ट्रॉबेरी हिल असे आढळले, तेच त्यांनी रूढ केले. त्या काळी श्रीमंतांची घरे ग्रीक-रोमन धाटणीची, प्रमाणबद्ध आणि दोन्ही अंगांनी सारखी असत. वॉलपोल यांनी नेमकी उलटी वाट धरली. मध्ययुगीन चर्चमधील टोकदार कमानी, कळस, नक्षीच्या खिडक्या आणि अंधारे जिने त्यांना भुरळ घालीत. जॉन च्यूट व रिचर्ड बेंटली या मित्रांना हाताशी धरून त्यांनी एक समितीच स्थापन केली आणि पुढील तीस वर्षे घर वाढवीत नेले. पाच एकरांची जागा अखेरीस शेहेचाळीस एकरांची झाली.

या वास्तूचा मानबिंदू म्हणजे तिचे ग्रंथालय. १७५४ मध्ये सिद्ध झालेल्या या दालनातील पुस्तकांची कपाटे कमानदार असून त्यांचा नमुना लंडनच्या आगीत नष्ट झालेल्या जुन्या सेंट पॉल चर्चच्या एका दारावरून, छापील चित्रे पाहून, घेतलेला आहे. शेकोटीची रचना वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका राजपुत्राच्या समाधीवरून केलेली. मोठ्या दालनाचे छत राजा सातवा हेन्री याच्या प्रार्थनामंदिराची आठवण करून देते. परंतु ते दगडाचे नसून कागदाच्या लगद्याचे आहे. जाणकारांनी या दिखाऊपणाची थट्टा केली, आणि ती सर्वस्वी अनाठायी होती असेही नाही. तरीही पुढल्या शतकात गॉथिक शैलीचे जे पुनरुज्जीवन झाले, त्याच्या आरंभीच्या प्रेरणांत या लगद्याच्या छताला स्थान आहे. त्याच लाटेचे दगडी रूप मुंबईत विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरमध्ये दिसते.

घराची कीर्ती पसरली तशी पाहुण्यांची रीघ लागली. वॉलपोल यांनी परवानगीची चिठ्ठी पाहूनच प्रवेश देण्याचा नियम केला : दिवसाला चारच माणसे, आणि मुलांना मज्जाव. १७५७ मध्ये त्यांनी आवारातच छापखाना काढला. तेथून निघालेले पहिले पुस्तक ग्रे यांच्या काव्याचे होते. आपल्या घराचे व संग्रहाचे तपशीलवार वर्णनही त्यांनी तेथेच छापले. संग्रह विखुरल्यानंतर कोणती वस्तू कोठे ठेवलेली होती, हे जगाला कळले ते त्या वर्णनामुळेच.

१७६४ च्या एका रात्री स्वप्नात त्यांना जुन्या वाड्याच्या जिन्यावर चिलखतातील एक प्रचंड हात दिसला. त्या स्वप्नातून दोन महिन्यांच्या आत ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ ही कादंबरी उतरली. भुताटकी, शापित घराणे, भुयारे आणि अंधार यांवर उभ्या असलेल्या गॉथिक कादंबरीचा उगम तीतच मानला जातो. ती प्रसिद्ध करताना मात्र त्यांनी आपले नाव लपविले आणि जुन्या इटालियन ग्रंथाचा तो अनुवाद असल्याचे भासविले. वाचकांनी तिचे स्वागत केल्यावर १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी कर्तृत्व मान्य केले.

याच संदर्भात त्यांच्या चरित्रातील सर्वांत वेदनादायी प्रकरण येते. १७६९ मध्ये ब्रिस्टलच्या टॉमस चॅटर्टन या मुलाने आपणच रचलेले लेखन मध्ययुगीन म्हणून त्यांच्याकडे पाठविले. आरंभी वॉलपोल यांनी मोठ्या सौजन्याने उत्तर दिले. परंतु मुलगा गरीब असून वकिलाकडे उमेदवारी करतो हे कळल्यावर आणि लेखन बनावट असल्याचा निर्वाळा मित्रांनी दिल्यावर त्यांचा सूर बदलला. हातातले काम न सोडण्याचा सल्ला देऊन त्यांनी विषय संपविला. पुढील वर्षी लंडनमध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, दारिद्र्यात चॅटर्टनचा अंत झाला. त्याच्या मृत्यूचा दोष वॉलपोल यांच्या माथी मारणे न्याय्य नव्हते. त्या वेळी दोघांचा संबंध तुटून वर्ष लोटले होते. पण ज्यांनी स्वतःची कादंबरी जुनी म्हणून खपविली, त्यांनी एका पोराच्या तशाच युक्तीतील प्रतिभा ओळखू नये, ही बोच राहतेच.

त्यांची खरी थोरवी पत्रांत आहे. फ्लॉरेन्स येथील राजदूत होरेस मान यांना त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे पत्रे लिहिली, आणि १७४१ नंतर दोघांची एकदाही भेट झाली नाही. अकल्पितपणे इष्ट गोष्ट गवसणे या अर्थाचा ‘सेरेंडिपिटी’ हा शब्द त्यांनी १७५४ मध्ये मान यांच्याच पत्रात घडविला. तो सेरेंदीप म्हणजे श्रीलंकेच्या तीन राजपुत्रांच्या कथेवरून. बंगालमधील दुष्काळ आणि ईस्ट इंडिया कंपनीने तेथे केलेली लूट यांचा तीव्र धिक्कारही त्यांनी पत्रांतून केला आहे.

संग्रह फुटण्याचे दुःख त्यांनी हयातीतच भोगले. वडिलांनी हौटन येथे जमविलेली अमोल चित्रे पुतण्याने १७७९ मध्ये रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीन हिला विकली. पुढे १७९१ मध्ये त्या पुतण्यानंतर ऑर्फर्डचे अर्लपद वॉलपोल यांच्याकडे आले. २ मार्च १७९७ रोजी त्यांचे निधन झाले. अविवाहित असल्याने घर प्रथम शिल्पकार ॲन डेमर यांच्याकडे आणि नंतर वॉल्डग्रेव्ह घराण्याकडे गेले. त्या घराण्यातील सातव्या अर्लने १८४२ चा लिलाव पुकारला. १८८३ मध्ये वास्तूही विक्रीस निघाली. १९२३ मध्ये ती एका कॅथलिक अध्यापक महाविद्यालयाने घेतली.

विखुरलेल्या ग्रंथांचा माग पुढे अमेरिकेतील विल्मर्थ लुईस यांनी काढला. वॉलपोल यांच्या कपाटांतील पुस्तके शोधून परत एकत्र आणण्यात त्यांनी आयुष्य वेचले, पत्रांच्या संपादनाचा प्रकल्प उभारला आणि १९७९ मध्ये आपला संग्रह येल विद्यापीठाच्या स्वाधीन केला. १९३७ साली सुरू झालेले पत्रांचे प्रकाशन १९८३ मध्ये अठ्ठेचाळीस खंडांनी पूर्ण झाले. स्ट्रॉबेरी हिलचाही जीर्णोद्धार होऊन २०१० मध्ये ती वास्तू लोकांसाठी खुली झाली. वारसाहक्काने गेलेला संग्रह अर्धशतकही टिकला नाही. संस्थेच्या हाती आलेला मात्र आज वाचकांच्या उपयोगी पडत आहे.