सावेदादा आणि हरवलेली मुंबई



वसाहतकाळातील बंदरनगरांचे जुने प्रवासपट तुम्ही कधीतरी पाहिले असतील. बोट धक्क्याला लागते, हमालांची लगबग सुरू होते, रस्त्यातील माणसे थबकून कॅमेऱ्याकडे पाहतात. नाहीशा झालेल्या शहरांची ओळख आपल्याला अशा फितींतून होते. परंतु ‘प्रवासपट’ या सामासिक शब्दातच एक मर्यादा दडलेली आहे, हे ध्यानात घ्या. येथे पाहणारा बाहेरून आलेला असतो आणि लवकरच परत जाणार असतो. त्याच शहराच्या रहिवाशाने कॅमेरा हाती घेतला, तर काय दिसेल? हा प्रश्न मनाशी ठेवून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांचे चरित्र वाचावे.

सावेदादांचा जन्म 1868 चा. मुंबईत त्यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय होता. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. आगगाडीचे आगमन, समुद्रस्नान, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार अशी सहा चित्रे त्यात होती. एक रुपया मोजून मुंबईकरांनी पाहिले ते फ्रान्समधील जीवन. ही खिडकी प्रथम उघडली ती युरोपच्या दिशेने. सावेदादांनी तिची दिशा बदलली. इंग्लंडमधील रायली ब्रदर्स या कंपनीकडून त्यांनी 21 गिनींना कॅमेरा मागविला.

1899 मध्ये मलबार हिलवरील हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांच्या कुस्तीचे त्यांनी चित्रण केले. ती फीत धुण्यासाठी इंग्लंडला पाठवावी लागली. प्रवाशाच्या फितीत मल्ल हा केवळ एक देशी मल्ल असतो. सावेदादांच्या मल्लांची नावे मात्र आजही आपल्याला ठाऊक आहेत. अर्थात, त्यांनी माकडांचा खेळ करणाऱ्याचेही चित्रण केले आणि त्याचे नाव मागे उरले नाही. रहिवाशाच्या दृष्टीलाही सीमा असतात, हे येथे नोंदवावे.

1901 मध्ये सर मंचेरजी भावनगरी यांचे मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणे त्यांनी टिपले. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लरचा बहुमान मिळवून परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे स्वागतही त्याच वर्षी त्यांनी फितीवर घेतले. गेट वे ऑफ इंडियाची कमान तेव्हा उभी नव्हती. ती 1924 मध्ये पूर्ण झाली. परक्या प्रवाशाच्या लेखी बंदर म्हणजे आगमनाची जागा. सावेदादांच्या चित्रणात ती आपल्या माणसाच्या परतण्याची जागा झाली. प्लेगने हादरलेल्या आणि 1898 च्या सुधारणा न्यासामुळे दाट वस्त्या मोडू लागलेल्या शहरात हे घडत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या चित्रणाचे मोल कळते.

1903 मध्ये दिल्ली दरबाराचे चित्रण करून सावेदादांनी साम्राज्याचा सोहळाही नोंदविला. पुढे चित्रण थांबवून ते मुंबईच्या गेइटी नाट्यगृहाचे व्यवस्थापक झाले. 1958 मध्ये त्यांचे निधन झाले. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून चित्रपटसृष्टीने घेतलेली झेप त्यांनी हयातीत पाहिली.

आज त्यांच्या फिती उपलब्ध नाहीत. त्या काळच्या नायट्रेट फिती ज्वालाग्राही आणि नाशवंत असत. म्हणून जुनी मुंबई पडद्यावर पाहताना आपण बहुधा पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहत असतो. पाहुण्याची दृष्टी खोटी नसते, पण ती एकटी उरली की अपुरी पडते. सावेदादांचे चरित्र आपल्याला त्या अपुरेपणाची जाणीव देते.

स्वाध्याय : तुमच्या गावातील एक बदललेली जागा निवडा. तिचे वर्णन प्रथम पाहुण्याच्या आणि नंतर रहिवाशाच्या दृष्टीने करा. दोन्ही वर्णनांत कोणाची नावे आली आणि कोणाची राहून गेली, ते तपासा.