लॅब्राडोरच्या गोठलेल्या माशाने आधी त्याचं दिवाळं काढलं, मग कोट्यधीश केलं

रविवारी ग्रेव्ही नाहीतर छोले जास्तीचे करायचे, डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाकायचे आणि आठवडाभर गरम करून खायचे. आज घराघरात हे चालतं. पण शंभर वर्षांपूर्वी गोठवलेलं अन्न म्हणजे बेचव लगदा, असंच समीकरण होतं. ते बदललं क्लॅरेन्स बर्ड्सआय या माणसाने.

१८८६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्याचा जन्म झाला. पैशांअभावी कॉलेज अर्धवट सुटलं. सरकारी नोकरीत प्राणी-पक्ष्यांचा अभ्यास करून झाल्यावर १९१२ मध्ये फरच्या धंद्यासाठी त्याने थेट लॅब्राडोर गाठलं.

तिथे इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासे पकडायचे. उणे ४० अंशांच्या थंडीत मासा बाहेर काढताच दगडासारखा कडक व्हायचा. विशेष म्हणजे, कित्येक आठवड्यांनी शिजवला तरी ताजाच लागायचा.

यामागचं कारण होतं वेग. अन्न हळूहळू गोठलं की आत बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फाडतात. मग वितळताना पाणी सुटतं, चव जाते. झटपट गोठलं तर स्फटिक बारीक राहतात. इन्युइटांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली ही गोष्ट बर्ड्सआयने यंत्रात उतरवायची ठरवली.

अमेरिकेत परतल्यावर पंखा, बर्फ आणि मिठाचं पाणी एवढ्यावर प्रयोग सुरू झाले. १९२३ मध्ये त्याने मासे गोठवून विकणारी कंपनी काढली. माल चांगला होता, पण गिऱ्हाईकच नव्हतं. लोकांचा गोठवलेल्या मालावर विश्वास नव्हता. वर्षभरात कंपनीचं दिवाळं वाजलं.

पदरी बायको आणि मुलं, हातात पैसा नाही. दुसरा कुणी असता तर गप्प नोकरी धरली असती. याने मात्र ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरात नवी कंपनी उभारली. अन्न आधी खोक्यात भरायचं आणि मग ते चपटं पाकीट दोन अतिथंड धातूच्या पृष्ठभागांमध्ये दाबून गोठवायचं, ही त्याची युक्ती.

१९२९ मध्ये कंपनी आणि पेटंट मिळून २ कोटी २० लाख डॉलरला विकली गेली. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेले मटार, पालक, मांस आणि मासे विक्रीला आले. त्याच्या आडनावाचाच पुढे ब्रँड झाला.

श्रीमंत झाल्यावरही तो प्रयोग करत राहिला. १९५६ मध्ये त्याचं निधन झालं.

त्याची युक्ती आजही घरी उपयोगी पडते. भाजी मोठ्या डब्यात गच्च भरून गोठवली तर मधला भाग गोठायला फार वेळ लागतो. तीच आधी गार करून, एका वेळेपुरती, पातळ चपट्या पिशवीत भरून ठेवली तर लवकर गोठते आणि चवही टिकते.