वसईचे बंधू गोन्सालो गार्सिया

वसई म्हटले की आपणा मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे चिमाजीअप्पा उभे राहतात. १७३९ सालची ती लढाई शाळेच्या पुस्तकातून आपण सर्वांनी वाचलेली असते. भुसावळ-जळगावहून नंदुरबार-सुरतमार्गे मुंबईस जाणाऱ्या आपल्या खानदेशी प्रवाशाला वाटेत वसईरोड स्टेशन लागते. परंतु तेथून जवळच असलेल्या त्या किल्ल्यात, मराठ्यांच्या विजयापूर्वी पावणेदोनशे-दोनशे वर्षे, एक मुलगा वाढला आणि जपानातल्या महारोग्यांची सेवा करता करता जगाच्या इतिहासात गेला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. गोन्सालो गार्सिया हे त्याचे नाव.

गोन्सालोचा जन्म १५५७ च्या सुमाराचा. त्या वेळी आपल्या खानदेशावर बुऱ्हाणपूरचे फारुकी सुलतान राज्य करीत होते आणि वसईस पोर्तुगीजांचा अंमल होता. वडील पोर्तुगीज शिपाई, आई तेथलीच, कोकणची. म्हणजे राज्यकर्त्यांच्या वस्तीत वाढूनही हा मुलगा पुरता राज्यकर्त्यांचा नव्हता. वसईच्या किल्ल्यात येशूसंघाच्या धर्मगुरूंची शाळा होती. तिथे तो शिकला आणि १५७२ मध्ये, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळ जण अकरावीच्या वर्गात असतात त्या वयात, त्याच धर्मगुरूंबरोबर जपानला गेला.

जपानी भाषा त्याने चांगलीच आत्मसात केली. बोलण्यात गोडवा होता, माणसांत मिसळण्याची हौस होती. सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षकाचे काम केले. मनात इच्छा एकच, की संघाने आपल्याला आपला मानावे. ती मात्र पुरी झाली नाही. आशियाई आईच्या पोटी जन्मलेल्या तरुणांविषयी त्या काळच्या युरोपीय धर्माधिकाऱ्यांच्या मनात किंतु असे. तोच गोन्सालोच्या आड आला असावा, असा तर्क केल्यास चूक होणार नाही. ज्या सेवेसाठी आठ वर्षे राबावे, तिचेच दार आपल्यापुरते बंद आहे हे कळणे किती जिव्हारी लागले असेल! दुसरा एखादा कायमचा कडवट होऊन बसला असता.

गोन्सालोने व्यापार धरला. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती. धंद्यात जम बसला, पैसा मिळाला. व्यापाराच्या निमित्ताने फिलिपाइन्समधील मनिला शहरी जाणे-येणे होऊ लागले आणि तेथे फ्रान्सिस्कन संघाच्या बंधूंची गाठ पडली. हे लोक अनवाणी चालत, भिक्षेवर राहत आणि गावाने टाकलेल्या रोग्यांना जवळ करीत. मनिलात त्यांनी १५७८ च्या सुमारास गोरगरिबांसाठी दवाखाना सुरू केला होता. चालता धंदा सोडून गोन्सालो या संघात शिरले. येथेही ते धर्मगुरू झाले नाहीत, शेवटपर्यंत साधे बंधूच राहिले. बंधू म्हणजे मिस्सा अर्पण न करणारा, स्वयंपाकपाणी, झाडलोट, आजाऱ्यांची शुश्रूषा असली कामे करणारा व्रतस्थ. मोठेपणाच्या पायरीवर हे पद अगदी खालचे. मला तर वाटते, पूर्वी ज्या मानासाठी त्यांचा जीव तळमळला होता, त्या मानाची गरजच त्यांना आता उरली नव्हती.

महारोगाचे जंतू हान्सेन या नॉर्वेच्या डॉक्टराने १८७३ मध्ये शोधले; रोग खात्रीने बरा करणारी संयुक्त औषधयोजना तर १९८२ नंतरची. म्हणजे गोन्सालोंच्या हाती औषध असे काहीच नव्हते. जखमा धुणे, चिंध्या बदलणे, भरवणे आणि जवळ बसणे, एवढेच करता येई. बऱ्याच देशांत त्या काळी हा रोग पापाचे फळ मानीत. आपल्याकडेही महारोग्याला गावकुसाबाहेर काढीत, आणि बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला वाडगा घेऊन बसलेली माणसे पाहून पाय आखडून चालणारे आपणही होतोच की.

१५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून पाठवले. सोबत दुभाषी हवा होता. अशा रीतीने वसईचा हा बंधू हिदेयोशीपुढे जपानी भाषेत बोलावयास उभा राहिला. हिदेयोशीने १५८७ मध्येच परदेशी धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, तरीही त्याने या मंडळींना क्योटो शहरात जागा दिली. तेथे त्यांनी चर्च बांधले आणि महारोग्यांसाठी दोन रुग्णालये उभी केली. जपानी तरुण मदतीस आले. भाषा जाणणारे म्हणून गोन्सालोंवर कामाचा मोठा भार पडे.

येथे एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जपानात काम करण्याचा अधिकार पोपने १५८५ मध्ये केवळ येशूसंघाला दिला होता. फ्रान्सिस्कनांच्या येण्याने दोन्ही संघांत कुरबुर झाली, आणि तिच्यामागे पोर्तुगाल व स्पेन यांची व्यापारी चुरसही होती. गरिबांची सेवा करणाऱ्यांच्या डोक्यावर ही साम्राज्यांची छत्री होती, आणि तीच त्यांना भोवली. ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. माल जप्त झाला. धर्मगुरू पुढे येतात आणि मागून फौजा, असे जहाजावरच्या सुकाणूदाराने बढाईने सांगितल्याची हकीगत आहे. ती कितपत खरी, यावर इतिहासकारांत वाद आहे. हिदेयोशीचा संशय मात्र खराच होता. डिसेंबरात क्योटोतील बंधूंना पहारा बसला.

जानेवारी १५९७ च्या आरंभी कैद्यांच्या डाव्या कानाचे तुकडे कापण्यात आले आणि गाड्यांतून त्यांची धिंड निघाली. नाक-कान पुरते कापण्याचा हुकूम एका अधिकाऱ्याने सौम्य केला होता, एवढीच दया. मग भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंतचा महिनाभराचा प्रवास. जळगावहून मुंबईस जाऊन परत यावे, निदान इतके ते अंतर. वाटेत आणखी दोघे सामील झाले आणि संख्या सव्वीस झाली: सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, बाकीचे सतरा जपानी गृहस्थ व मुले. त्यांत औषधे देणारे होते, दवाखान्यात राबणारे होते, बारा-तेरा वर्षांची पोरेही होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारले. गोन्सालोंचे वय तेव्हा चाळिशीच्या घरात होते.

ज्या येशूसंघात गोन्सालोंना जागा मिळाली नव्हती, त्याचेही तिघे त्याच टेकडीवर त्यांच्याबरोबर मेले. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सव्वीसही जणांना संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत म्हणून गोन्सालोंचे नाव घेतात. वसई तालुक्यातल्या गास गावी त्यांच्या नावाचे चर्च आहे, वसईत १९८४ पासून त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. नागासाकीच्या टेकडीवर १९६२ मध्ये उभारलेल्या स्मारकात सव्वीस ब्राँझच्या मूर्ती एका ओळीत आहेत. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या चर्चच्या भिंती आजही उभ्या आहेत. सहलीला जाणाऱ्यांनी बुरूज पाहून झाल्यावर तिकडेही वळावे. वाट फार लांबची नाही.