नोबेल आणि पांढुरकी माती

आल्फ्रेड नोबेलचा जन्म १८३३ साली स्टॉकहोममध्ये झाला. (हो, नोबेल पारितोषिकवालाच!) तो नायट्रोग्लिसरीन बनवायचा. हे तेलासारखं द्रव फार धोकादायक. जरा धक्का बसला की स्फोट! १८६४ मध्ये अशाच स्फोटात त्याचा धाकटा भाऊ एमिल मरण पावला.

तरी आल्फ्रेडने काम सोडलं नाही. जर्मनीत त्याला हलकी, भुसभुशीत माती सापडली. पाण्यातल्या डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांपासून ती बनते. कवचांना बारीक छिद्रं असतात, म्हणून ती द्रव शोषून घेते. त्याने तिच्यात नायट्रोग्लिसरीन मुरवलं. आता ते धक्क्याने सहज फुटेना, आणि त्याच्या कांड्याही करता येऊ लागल्या! १८६७ मध्ये त्याने डायनामाइटचं पेटंट घेतलं. १८९६ मध्ये तो वारला.

तुमच्या पोहण्याच्या तलावाचं पाणीही कदाचित याच मातीतून गाळलं जात असेल.