हुतात्मा भाई कोतवाल : मनोऱ्यांच्या आधीची गोष्ट



भाई कोतवालांवर निबंध सांगितला की आपल्याकडची मुलं भराभर लिहितात. विजेचे मनोरे पाडले, सिद्धगडावर गोळी लागली, हुतात्मा झाले. सगळं बरोबर. पण आमच्या पोशीरच्या वर्गात एखादं पोर विचारतंच, मनोरेच का पाडले हो? मग गोष्ट माथेरानपासून सांगावी लागते.

पोशीरहून पश्चिमेला दिसतो तो माथेरानचा डोंगर. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० साली माथेरान शोधलं, असं पुस्तकात असतं. (उतारावर ठाकर, कातकरी आधीपासून राहत होतेच, पण ते असो.) पुढे तिथे साहेबांचे आणि मुंबईच्या धनिकांचे बंगले झाले. १९०७ साली नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. हवा खायला येणारे एक, आणि त्यांना रिक्षात बसवून ओढणारे, त्यांचं सामान डोक्यावर वाहणारे, त्यांची दाढी करणारे दुसरे. या दुसऱ्या बाजूच्या एका गरीब नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला.

विठ्ठल शिकला, पुण्यात राहून शिकला आणि चक्क वकील झाला. त्या काळी नाभिकाच्या मुलाने वकील होणं किती अवघड होतं, ते मुलांना जरूर सांगा. मुंबईत वकिली करून सुखात राहता आलं असतं. ते परत आले. १९४१ मध्ये माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. ज्या गावात आपले लोक फक्त सेवा करायला होते, त्या गावच्या कारभारात जाऊन बसले!

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांचं खालच्या गावांतलं काम. इथला शेतकरी म्हणजे भाताचं एकच पीक. आषाढ-श्रावणात घरातले दाणे संपले की सावकाराच्या दारात जाऊन खावटी आणायची आणि भात झोडलं की खळ्यावरूनच दिडीने, दुपटीने फेडायची. पुन्हा पुढच्या पावसाळ्यात घर रिकामं. भाईंनी यावर धान्याच्या कोठाराची योजना काढली. सुगीत धान्य साठवायचं, अडचणीच्या दिवसांत त्यातूनच गरजूंना द्यायचं. साधी गोष्ट, पण सावकाराची पायरी चुकवणारी. जोडीला त्यांनी गावांत शाळाही काढल्या. अंगठा कशावर उठवतोय ते वाचता आलं पाहिजे ना.

आता मनोरे. टाटांची वीजकेंद्रं खोपोलीला आणि आपल्या कर्जतमध्ये भिवपुरीला. तिथली वीज जायची मुंबईच्या गिरण्यांना, रेल्वेला. तारा आपल्या शेतांवरून, पण खालच्या झोपडीत रॉकेलची चिमणी! १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात भाई भूमिगत झाले, आझाद दस्ता उभा केला. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये दस्त्याने ११ मनोरे पाडले. सरकारची युद्धाची कामं अडावीत, हा हेतू. दस्त्यातली माणसं म्हणाल तर इथलेच शेतकरी. कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील त्यांतले एक.

सरकारने भाईंना पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलं. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी सिद्धगडाच्या जंगलात दस्त्याला गाठलं. गोळीबारात हिराजी गेले. भाई जखमी होऊन पडले, तेव्हा हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने जवळून गोळी घातली. भाईंना तिसावं वर्ष पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता.

दादरचं कोतवाल उद्यान त्यांच्याच नावाचं. रोज तिथून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. आणि माथेरानला माणूस माणसाला ओढतो ती हातरिक्षा तर अगदी आत्ताआत्तापर्यंत चालू होती. हेही वर्गात बोला, मुलं खूप प्रश्न विचारतात.

दरवर्षी २ जानेवारीला पहाटे सिद्धगडावर लोक जमतात. जागा मुरबाड तालुक्यात आहे. मुलांना नेणार असाल तर स्वेटर आणि बॅटरी घ्या, जंगलात थंडी फार असते. आणि भाईंसोबत हिराजींचं नावही मुलांना आधीच सांगून ठेवा.