डॉ. हेन्री जॉन कार्टर

डॉ. कार्टर ह्यांचा जन्म इंग्लंडांत १८१३ सालीं झाला. कंपनी सरकारचे वैद्य म्हणून ते मुंबईस आले. त्या काळीं नारूनें लोक गांजलेले असत. पायाच्या फोडांतून दोन हात लांब कृमि निघे. तो येतो कोठून, हें शोधण्यासाठीं कार्टर ह्यांनीं तळ्यांतील शेवाळ व पाणथळ जागेंतील चिखल सूक्ष्मदर्शकाखालीं तपासिला. त्यांत केसाहून बारीक असे नवे सूत्रकृमि आढळले. त्यांचीं वर्णनें त्यांनीं १८५९ सालीं प्रसिद्ध केलीं. हेच कृमि अंगांत शिरून नारू होतात, हा त्यांचा तर्क मात्र चुकला. नारूचीं पिलें पाण्यांतील सायक्लॉप्स नामक जीवांत वाढतात, हें पुढें १८७० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको ह्यांनीं दाखविलें. कार्टर १८९५ सालीं निवर्तले. २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला. मुलांनो, कार्टर ह्यांचा तर्क टिकला नाहीं. परंतु डोळ्यांनीं पाहून प्रामाणिकपणें लिहिलेलें टिकलें.